झेंडूच्या वाफ्यातील एक सकाळ

दुकानाचे तोरण आणि वहीपूजन यांसाठी फुले आणण्याचे काम यंदा मी आपणहून मागून घेतले. निवृत्त माणसाच्या वाट्याला दिवाळीत अशीच कामे येतात. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पहाटे पत्नी आणि सात वर्षांची नात यांना घेऊन जळगावहून निघालो. भुसावळ, वरणगाव मागे पडले. महामार्गाच्या दोन्ही अंगांच्या केळीबागांवर अजून दव होते.

मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचे एदलाबाद. कोथळीला संत मुक्ताबाईंचे जुने मंदिर आहे. चांगदेव येथे तापी आणि पूर्णा यांचा संगम होतो. आधी दर्शन घेतले, मग एका ओळखीच्या व्यापाऱ्याने सांगितलेल्या शेताकडे वळलो. तेथे केळीच्या बागेला लागून अर्धा एकर झेंडू फुलला होता. सणाच्या तोंडावर तोडणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून हा शेतकरी गिऱ्हाइकालाच वाफ्यात सोडतो. फुले आपण तोडायची, बांधावरच्या काट्यावर तोलायची आणि पैसे द्यायचे.

“काका, देठासकट खुडा. फांदी ओढू नका, अजून कळ्या आहेत,” त्याने बजावले. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. आता त्याच्यावाचून आपला सण होत नाही. त्याची मुळे जमिनीतील सूत्रकृमींना आवर घालतात, म्हणून केळीच्या शेजारी तो उपयोगाचा. फुले वेळच्या वेळी खुडली तर झाड पुन्हा फुलते. बी धरू दिले तर बहर ओसरतो. हे सारे तो काम करता करता सांगत होता. पाऊस आला तर मात्र फुले काळी पडतात आणि पाडव्यानंतर त्यांना कोणी विचारत नाही. त्याच्या चार महिन्यांच्या श्रमांचा हिशेब असा चार दिवसांत मिटतो.

पत्नी मात्र बांधावरच थांबली होती. नातीने विचारले, “आजी, तू का नाही तोडत?”

“झाडातही जीव असतो, बाळ.”

“मग दारावर आपण घेतो ती फुले?”

पत्नी क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, “तीही कोणीतरी तोडलेलीच असतात. आपल्याला दिसत नाही, एवढेच.”

दशवैकालिक सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात भुंग्याचा दृष्टांत आहे. फुलाला पीडा न देता तो रस घेतो. साधूने गृहस्थाकडून आहार तसा घ्यावा. साधूंची ती वाट आपल्याला झेपणारी नाही. पण गृहस्थाला मोजून घेणे तरी जमावे. घरून निघताना चार किलोंचा बेत होता. पत्नीने बोटांवर हिशेब केला: दोन तोरणे, एक वहीपूजन. दोन किलो पुरे.

ते दोन किलो भरायला आम्हा आजोबा-नातीला तासभर लागला. किलोभरात दीडशेच्या आसपास फुले बसली. माझी कंबर धरली. नातीची बोटे हिरवट-काळी झाली. चौतीस वर्षे मी पीककर्जाचे अर्ज तपासले, सातबारे पाहिले, हप्ते थकले म्हणून नोटिसाही काढल्या. शेतात गेलो तो पाहणीपुरता, पायांत बूट घालून. वाफ्यात वाकून एक फूलही कधी खुडले नव्हते.

काट्यावर टोपली ठेवल्यावर त्याने भाव सांगितला. सवयीने “काही कमी करा” हे शब्द ओठांवर आले होते. आमच्या मातोश्री दारावरच्या फुलवालीशी शेवटच्या रुपयापर्यंत घासाघीस करीत. व्यापारी घराचा तो संस्कारच. नात आपली बोटे फ्रॉकला पुसत माझ्याकडे पाहत होती. मी मुकाट्याने पैसे मोजून दिले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानाला तोरण लागले, वह्यांवर फुले वाहिली. मुलगा म्हणाला, “यंदा तोरण जरा विरळ दिसते.” नातीने त्याला लगेच हिशेब सांगितला: “पप्पा, एका किलोत दीडशे फुले असतात. आम्ही स्वतः तोडली.”