पांडुरंगाची मेस

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला नेमाड्यांची ‘कोसला’ कादंबरी लागली तेव्हा आमच्या वर्गाचं एका बाबतीत एकमत होतं : हिच्यात काही घडत नाही. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो, मेसचा सेक्रेटरी होऊन पैशांत बुडतो, परीक्षेत आपटतो, गावी परततो. झालं. सरांनी मात्र पहिल्याच तासाला फळ्यावर ‘अस्तित्ववाद’ लिहिलं, खाली सार्त्र, काम्यू, परात्मता. गाईडमध्येही तेच, मुद्दे पाडून. परीक्षेतला प्रश्नही त्यावरच येणार, हे ठरलेलं.

वर्ग कंटाळला होता. मला राग येत होता. मुलुंड पूर्वेला दीड खोलीत आम्ही पाच जण. वाचायला जागा म्हणजे घाटकोपरपर्यंतची स्लो लोकल, तीही लेडीज डब्यात उभ्यानं. भांडुप ते कांजूर एक पान उरकलं तरी खूप. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कंपन्या तेव्हा एकेक करून बंद पडत होत्या, त्यात बाबांचीही गेली. आणि हा मुलगा घरून आलेले पैसे उधळतो, रात्री-अपरात्री मित्रांबरोबर भटकतो, वर उदास होतो! उदास व्हायलाही ऐपत लागते. मला सातच्या आत घरी पोचायचं असे. जगण्याचा अर्थ शोधायला रात्री टेकडीवर कोण सोडणार होतं? हे उत्तरपत्रिकेत लिहिण्याची सोय नव्हती. मी गाईडमधले मुद्दे लिहिले आणि बरे गुण मिळवले.

लग्नानंतर ती प्रत माझ्याबरोबर बोरिवलीला आली, ती निव्वळ रद्दीवाल्याला द्यायची राहून गेली म्हणून. नेमाड्यांना 2014 सालचं ज्ञानपीठ जाहीर झालं, तेव्हा माळ्यावरून काढली. आत माझ्याच पेन्सिलीच्या खुणा. मेसच्या कारभाराची पानं वाचताना मी इतकी हसले, की स्वयंपाकघरातून विचारणा झाली; त्या पानांच्या समासात मी ‘निरर्थकता’ लिहून ठेवलं होतं. पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी लिहिलं होतं : ‘मृत्यूची जाणीव – महत्त्वाचे’. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि कुकर लावायला उठले. त्या रात्री पुढे वाचवलं नाही.

1963 साली ही कादंबरी आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. परीक्षांना विटलेल्या मुलाची ही गोष्ट, आणि तिच्यावर पिढ्यानपिढ्या परीक्षा! पण माझा जुना राग मी अजून सोडलेला नाही. पांडुरंगाची उदासी बापाच्या पैशांवर उभी आहे, आणि हे कादंबरीला आमच्या गाईडपेक्षा नक्कीच जास्त कळत होतं. बाप-लेकाचं वाकडं तिच्यात किती जागा व्यापून आहे! त्यावर मात्र आम्हाला एकही प्रश्न आला नाही. तत्त्वज्ञान शोधायचंच, तर मी ते सार्त्रच्या आधी त्या हिशेबांत शोधेन.

गेल्या वर्षी अंधेरीहून भाच्याचा फोन आला. त्याच्या शाळेत काम्यूची ‘द आउटसायडर’ लावलेली. “आत्या, ह्याची आई मरते आणि हा रडतसुद्धा नाही. पुढे एकाला मारतो, तर म्हणे ऊन लागत होतं. ह्यावर काय लिहू?” माझ्या आतली तृतीय वर्षाची विद्यार्थिनी सुखावली. मी पुस्तक मागवून वाचलं. मर्सो निदान ऑफिसात कारकुनी करतो, एवढ्यावर त्याला माझ्याकडून थोडे गुण. मग भाच्याला म्हटलं, तो कुठे कामाला जातो, आईला वृद्धाश्रमात ठेवताना पैशांचा विचार कसा होतो, साहेबाकडे रजा मागताना कसा अवघडतो, तिथून सुरुवात कर.

“असलं चालतं निबंधात?”

चालेल म्हटलं. शब्दमर्यादा बाराशेची होती. एवढं लिहूनही अस्तित्ववादापुरती जागा उरली असती.