पर्यावरण शिकून काय करणार?

यंदा मी पर्यावरण अभ्यासाच्या एम.ए.साठी तीन ठिकाणी अर्ज केले. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आमच्या भागातून या विषयाकडं जाणारी पोरं कमी, आणि जी जातात त्यांना सांगणारं कुणी नसतं. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधी ओळख. माझं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. आजोळ माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. म्हणजे गाव सांगली जिल्ह्यात, आजोळ सातारा जिल्ह्यात. वय 26. बी.एस्सी. वनस्पतीशास्त्र, त्यानंतर चार वर्षं एमपीएससी. दोनदा पूर्व निघाली, मुख्य निघाली नाही. घरी अडीच एकर ऊस आणि दोन म्हशी.

अर्ज करते म्हटल्यावर आण्णांनी एवढंच विचारलं, "ते शिकून काय हुतंय?" चुलते म्हणाले, "झाडं लावायला डिग्री कशाला लागती?" भावकीतल्या एकानं तर मला वनखात्यात लावूनही टाकलं.

मला राग आला नाही. अडीच एकरावर चालणाऱ्या घरानं दोन वर्षांची फी, हॉस्टेल, मेस असा खर्च करायचा, तर हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. चार वर्षं मी सरकारी जाहिराती बारकाईनं वाचल्यात. "पर्यावरण अभ्यासातील पदवी" अशी अट असलेली जागा त्यात फार क्वचित दिसली. त्यामुळं आण्णांना लगेच देण्यासारखं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते हळूहळू अर्ज लिहिताना सापडलं.

प्रत्येक अर्जात एक निबंध असतो. हा विषय का शिकायचा आहे, हजार शब्दांत लिहा. नेटवर नमुने बघितले. सगळ्यांची सुरुवात सारखी : लहानपणापासून निसर्गाची ओढ. मग ट्रेकिंग, अभयारण्यातली इंटर्नशिप, एखादी परिषद. माझ्याकडं यातलं काहीच नव्हतं. आमच्याकडं पावसाचे आकडे आवड म्हणून कुणी बघत नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटावर आहे, यावर म्हशी कधी हलवायच्या ते ठरतं.

दोन दिवस कोरा कागद घेऊन बसले. मग ठरवलं, 2019 सालचंच लिहायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात माणमध्ये चारा छावण्या होत्या. मामांची जनावरं म्हसवडच्या बाजूला छावणीत होती आणि मामा तिथंच मुक्कामाला. आई मे महिन्यात जाऊन आली, तर आजोळच्या आडात तळ दिसत होता. आणि ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे, त्या वेळी पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. आम्ही म्हशी घेऊन वरच्या माळाला, पाहुण्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नऊ दिवस होतो. मामांचा फोन आला, "दाजी, तुमचं जास्तीचं पाणी हिकडं लावून द्या की." आण्णा हसले. नऊ दिवसांत तेवढंच.

तीन महिन्यांच्या अंतरानं एकाच घरातली दोन माणसं, एक पाणी नाही म्हणून आणि एक पाणी आलं म्हणून, घर सोडून जनावरांपाशी राहत होती. मामांचं घर आमच्यापासून एसटीनं अर्ध्या दिवसाचंही नाही. हे मी निबंधात लिहिलं आणि खाली मला पडलेले प्रश्न लिहिले.

एक. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात माणला 500 च्या आसपास. एवढा फरक सह्याद्रीमुळं आहे, तो बदलणार नाही. पण पडलेलं पाणी कुठं न्यायचं हे माणसांनी ठरवलेलं आहे. कोयना धरणाची क्षमता 105 टीएमसी. त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी वीज तयार करून पश्चिमेला कोकणात सोडायची मुभा बच्छावत लवादानं दिली. विजेची गरज त्या वेळी खरी होती. आज तोच हिशोब पुन्हा मांडला तर काय निघेल?

दोन. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी पट्ट्यात नेलं. लोकांचे वर्षानुवर्षांचे मोर्चे त्यामागं आहेत. पाणी आलं तिथं ऊसही आला. आमचाही ऊसच आहे, त्यामुळं दुसऱ्याला नावं ठेवत नाही. ऊसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे. मटकीला कोण आहे? पण येरळा नदीवर बलवडीला लोकांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण बांधलं. नदीतली वाळू विकून त्यासाठी पैसा उभा केला, भूमिहीनालाही पाण्यात वाटा ठेवला आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही असं ठरवलं. हे आमच्याच जिल्ह्यात झालंय. मला कॉलेज संपेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

तीन. पूर कशामुळं येतो? गावात विचाराल तर उत्तर ठरलेलं : अलमट्टी. 2019 नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला मुख्य दोषी धरलं नाही. अतिवृष्टी, पात्रातली अतिक्रमणं अशी कारणं पुढं आली. कृष्णाकाठच्या कित्येकांना ते पटलेलं नाही. आता अलमट्टीची उंची 519 मीटरवरून 524 मीटरवर न्यायचं घाटतंय आणि सांगलीत पुन्हा आंदोलनं होतायत. बाजू घ्यायच्या आधी मला हे गणित स्वतः वाचता आलं पाहिजे, असं मी लिहिलं.

एका ठिकाणच्या मुलाखतीत मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडे फील्डवर्कचा अनुभव नाही?" मी सांगितलं, "आमच्या भिंतीवर 2005, 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा आहेत. पहिली आज्ज्यानं केली, दुसऱ्या दोन मी केल्या. याला काय म्हणतात मला माहीत नाही." पुढची वीस मिनिटं त्याच खुणांवर बोलणं झालं. जमिनीपासून किती फूट, पाणी किती दिवस टिकलं, उतरायला किती वेळ लागला. आपल्याकडं हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. हे अनुभव म्हणून अर्जात लिहायचं असतं, एवढंच माहीत नसतं.

आता कॉलेजबद्दल. 1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण शिक्षणाचा आदेश दिला. पुढं पदवीच्या सगळ्या शाखांना हा विषय सक्तीचा झाला. म्हणजे तुम्ही बी.ए. करा नाहीतर बी.कॉम., पर्यावरणाचा पेपर आणि प्रकल्पाची फाईल आहेच. आणि ती फाईल कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते. विषय ठरलेले : ओझोनचा थर, जागतिक तापमानवाढ, ॲमेझॉनचं जंगल. कृष्णाकाठच्या पोरानं ॲमेझॉनवर फाईल करायची आणि गावची पूररेषा कुठून जाते ते त्याला माहीत नाही!

दर वर्षी एका गावातल्या मुलांनी वीस विहिरींची पातळी मोजली, वीस घरांवरच्या खुणा टेपनं मोजून लिहून ठेवल्या, तर दहा वर्षांत आपल्याकडं केवढी माहिती जमेल. त्याला वेगळा निधी लागत नाही. प्राध्यापकांनी मनावर घ्यायला पाहिजे.

शिफारसपत्राचं सांगते. दोन पत्रं लागतात. पहिल्या सरांनी मला वेळ दिला, अर्ज वाचला, दोन चुका काढल्या. दुसरे म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." स्वतःचं कौतुक इंग्रजीत कसं लिहायचं हे एका रात्रीत शिकले. दाखल्यांसाठी चार हेलपाटे झाले, त्यातला एक सर्व्हर डाऊन म्हणून. ज्यांना पुढच्या वर्षी अर्ज करायचेत त्यांनी उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं दिवाळीच्या आधीच काढून ठेवा.

आणखी काही कामाचं. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. आहे, त्यासाठी विज्ञान शाखा पाहिजे. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षणाची स्वतंत्र संस्था 1993 पासून आहे. समाजशास्त्राच्या अंगानं शिकायचं असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्था, दिल्लीचं आंबेडकर विद्यापीठ, अझीम प्रेमजी विद्यापीठ यांचे अभ्यासक्रम बघा. बी.ए.वाल्यांनी आपलं काम नाही म्हणून सोडून देऊ नका. केंद्रीय विद्यापीठांसाठी बहुतेक वेळा सीयूईटी-पीजी द्यावी लागते. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या योजना आपल्याला लागू होतात का, ते प्रवेशाच्या आधी तपासा. अटी आणि तारखा दर वर्षी बदलतात, त्यामुळं मूळ जाहिरातच वाचा.

माझ्या तीन अर्जांपैकी एका ठिकाणी नकार, एका ठिकाणी प्रतीक्षा यादी, एका ठिकाणी प्रवेश. फीमध्ये निम्मी सवलत मिळाली आहे. उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज काढतोय. नोकरीचं मी घरात खोटं सांगितलेलं नाही. सल्लागार संस्था, पाण्यावर काम करणाऱ्या संस्था, कंपन्यांचे पर्यावरण विभाग इथं कामं आहेत, पण एमपीएससीसारखी ठरलेली वाट नाही.

आण्णा तयार कशानं झाले ते सांगते. 2021 च्या पुरानंतर आमच्या घराची मागची भिंत खचली आहे. पाडून बांधायचं तर इथंच बांधायचं का वर माळाला जायचं, हे पाच वर्षांत ठरलेलं नाही. निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. आम्ही 16 वर्षांत तीन मोठे पूर बघितले. मग या रेषेवर कितपत विसंबायचं? आण्णांनी तलाठ्यांना विचारलं, इंजिनिअरला विचारलं, पुढाऱ्याला विचारलं. प्रत्येकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. परवा मला म्हणाले, "घर कुठं बांधायचं एवढं जरी सांगता आलं तुला, तरी फी वसूल."

कृष्णाकाठच्या हजारो घरांपुढं आज हाच प्रश्न आहे. आणि माणमध्ये उलटा : बोअर अजून किती फूट खाली न्यायचा? ही उत्तरं शोधणारी माणसं दिल्ली-पुण्याहून चार दिवसांसाठी येतात आणि अहवाल इंग्रजीत लिहून जातात. त्यांचं काम चांगलं असतं, पण तो अहवाल आण्णांपर्यंत येत नाही. सांगली-साताऱ्याची पन्नास पोरं जरी हा विषय शिकली, तरी पुढच्या पुराआधी गावात विचारायला कुणीतरी असेल.

जुलैमध्ये निघतेय. अर्ज, निबंध, दाखले याबद्दल काही अडलं तर बिनधास्त विचारा. मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगेन. माझा निबंध हवा असेल तर पाठवते, फक्त त्यातला पूर उचलू नका. तुमच्या गावचं लिहा.