धारेवरचं पाणी

आजोळी साताऱ्याला जाताना एसटी कात्रजचा जुना घाट चढायची आणि बोगद्याच्या अंधारात शिरायची. पलीकडे निघालं की पुणं दिसेनासं व्हायचं. डोक्यावरून एक अख्खी डोंगरधार चालली आहे, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं.

ती धार मला आधी कागदावर भेटली. कॉलेजात भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला ४७ एफ/१५ हे टोपोशीट पुढ्यात आलं. तपकिरी समोच्चरेषा, दर रेषेला २० मीटरची चढण. बोगद्यावर बोट ठेवलं आणि पश्चिमेकडे सरकवत नेलं. टेकडी, खिंड, पुन्हा टेकडी, असं थेट सिंहगडापर्यंत. सुमारे १६ किलोमीटर. उत्तरेकडचे ओढे मुठेला जाणारे, दक्षिणेकडचे शिवगंगेला. शिवगंगा गुंजवणीला मिळते, गुंजवणी नीरेला. आणि मुठेचं काय, नीरेचं काय, पाणी शेवटी भीमेतच जातं. धारेवर शेजारी-शेजारी पडलेले दोन थेंब एवढा मुलूख फिरून भेटतात, याचं अप्रूप मला अजून आहे.

विशीत ही वाट आम्ही पौर्णिमेच्या रात्रीच केली. बहुतेक जण तशीच करतात आणि ते रास्तही आहे. वर सावली नाही, उन्हात जीव नकोसा होतो. पण रात्री दिसतो तो पावलापुढचा घसारा आणि लांबवर शहराचे दिवे. दोन्हीकडची खोरी अंधारातच राहतात.

म्हणून लेकीला घेऊन जायचं ते दिवसा. भाद्रपद सरताना, पाऊस ओसरलेला, सोनकी फुललेली. फाल्गुनात गवत वाळतं आणि मुरमावरून पाय सटकतो. तांबडं फुटताना बोगद्यावर पोचायचं. कात्रजहून निघालं की सकाळभर ऊन पाठीवर राहतं. सिंहगडाकडून उलटं येणं मला पटत नाही. पाणी माणशी ३ लिटर, कारण दोन खोरी पोसणाऱ्या या धारेवर पिण्यासारखं पाणी मिळेल असं धरून चालता येत नाही. ऊन फार तापलं तर कुठल्या खिंडीतून खाली उतरायचं, तेही पेन्सिलीने खुणावून ठेवलंय.

"आई, फोनवर असतं की सगळं," लेक म्हणते. असू दे. पहिल्या टेकडीवर मी अर्धा तास राखलाय, कात्रजच्या तलावाकडे तोंड करून बसायला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तिथलं पाणी जमिनीखालच्या नळातून पुण्याच्या हौदांपर्यंत पोचवलं होतं, ते तिला तिथेच सांगायचंय. मग दशम्या-चटणी, आणि पुढची चढण.