डाव्या हाताची तीन बोटे

दिवाळीची साफसफाई हा आमच्या घरी वर्षातून एकदा नेमाने होणारा भूकंप आहे. माळ्यावरची सारी सृष्टी त्या दिवशी खाली येते, आणि "हे टाकू का?" या सौभाग्यवतींच्या प्रश्नाला "नको" म्हणण्यात माझा दिवस जातो. यंदा एका ट्रंकेतून जुना रेडिओ निघाला. त्याच्या लाउडस्पीकरचा कागद कधीच फाटला होता. मागचे कड्यासारखे गोल चुंबक मात्र शाबूत होते.

दहावीतल्या नातीने ते उचलले. टाचण्यांच्या डबीजवळ नेताच टाचण्या टपाटप चिकटल्या.

"आजोबा, हात न लावता हे ओढतं कसं?"

"त्याचं चुंबकीय क्षेत्र असतं म्हणून."

"क्षेत्र म्हणजे काय?"

"जिथं चुंबकाचा परिणाम होतो ती जागा."

"म्हणजे ओढतं म्हणून ओढतं!"

मला राग आला. "पुस्तकात आहे तेवढं पाठ कर. परीक्षेत तेवढंच विचारतात."

तिने काही न बोलता पुस्तक मिटले.

रात्री मला झोप लागेना. कारण ते वाक्य माझे नव्हतेच. साठ वर्षांपूर्वी ते मला आमच्या मास्तरांनी ऐकवले होते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम चालला होता. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांशी काटकोनात धरायचे. तर्जनी म्हणजे क्षेत्र, मधले बोट म्हणजे वीजप्रवाह आणि अंगठा म्हणजे तारेवरचे बल. मी विचारले, "सर, बल आडवंच का लागतं?" मास्तरांनी पाचही बोटांचा नियम माझ्या गालावर सिद्ध करून दाखवला. मला पुढे मार्क उत्तम पडले, बँकेत नोकरीही लागली. पण वर्गात मी पुन्हा प्रश्न विचारला नाही. आणि परवा तीच चपराक मी, हात न उचलता, पुढच्या पिढीला पोचती केली होती.

सकाळी उठून टॉर्चचा एक सेल, थोडी तार, चॉकलेटची चांदी आणि कपाटातले पितळी होकायंत्र टेबलावर मांडले. नात लांबूनच पाहत होती. मी होकायंत्र चुंबकाभोवती इंच इंच सरकवू लागलो. प्रत्येक ठिकाणी सुई निराळी वळे. पण त्याच ठिकाणी परत आणली की पुन्हा तीच दिशा दाखवी. तेव्हा मला उमगले, की क्षेत्र म्हणजे नुसती जागा नव्हे. जागेच्या प्रत्येक बिंदूला एक दिशा आणि एक जोर असतो. सुई तिथे असो वा नसो, तो असतोच.

मग तार सुईवर, सुईच्याच दिशेने धरली आणि सेलला क्षणभर टेकवली. (क्षणभरच, नाही तर तार चांगलीच तापते!) सुई बाजूला वळली. तार सुईखाली धरली, तर उलट वळली. १८२० साली कोपनहेगनला ओरस्टेड या प्राध्यापकाने वीज आणि चुंबक यांचे नाते ओळखले ते असेच.

एव्हाना नात खुर्ची ओढून जवळ आली होती. "हे क्षेत्र खूप लांब जातं का?" मी तिला अलिबागची हकिगत सांगितली. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार असे दिसू लागले, तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडतील हे ओळखून संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, हे काम अलिबागला हलवण्यात आले. ट्रामा १९०७ साली धावू लागल्या आणि १९६४ साली बंद पडल्या. त्यांच्यातून मीही हिंडलो आहे. पण आपल्या भीतीने एक वेधशाळा खाडीपार गेली, याचा मला पत्ता नव्हता!

शेवटी चांदीची लांब पट्टी कापून चुंबकासमोर सैल टांगली. चुंबकाने तिची दखलही घेतली नाही. सेल जोडताच मात्र पट्टी टुणकन उडाली. चुंबकाकडे नाही, चुंबकापासून दूरही नाही, चक्क बाजूला! नातीने डावा हात पुढे करून तीन बोटे काटकोनात धरली. अंगठा बरोबर तिकडेच होता.

"यात फिरत्या विद्युतभारांनाच ढकललं जातं," मी म्हणालो. "स्थिर भाराला चुंबक विचारीत नाही. आणि हे बल नेहमी आडवं, म्हणून एकट्या भाराचा वेग त्यानं वाढत नाही की घटत नाही. फक्त वाट वळते."

"पण आडवंच का, आजोबा?"

साठ वर्षे थांबलेला प्रश्न पुन्हा माझ्यासमोर उभा होता. गालावर हात गेला.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "आणि काल तुला गप्प केलं, ते चुकलं माझं."

तिने माझ्याकडे पाहिले, वही उघडली आणि प्रश्न लिहून घेतला. तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, चकलीच्या डब्याचं झाकण कुठं गेलं?"

ते चुंबकाला चिकटले होते.