जन्मगावातच परके

चि. मुक्ता,


तुझं पत्र मिळालं. आप्पांच्या तिकिटांच्या वहीत ट्रान्स्काय, बोफुथात्स्वाना, वेंडा आणि सिस्काय अशा चार देशांची तिकिटं निघाली आणि नकाशात त्यांतला एकही सापडत नाही, म्हणून चक्रावलीस. सापडणार कसे? ती तिकिटं प्रिटोरियाच्या सरकारी छापखान्यातच छापली जात. दक्षिण आफ्रिका सोडली तर कुठल्याही मान्यताप्राप्त राष्ट्रानं या चौघांना देश मानलं नाही. २६ ऑक्टोबर १९७६ रोजी ट्रान्स्काय ‘स्वतंत्र’ झाला आणि त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ते स्वातंत्र्य १३४ विरुद्ध शून्य मतांनी झिडकारलं. फक्त अमेरिका तटस्थ राहिली.

तू विचारतेस, काळ्या लोकांना स्वतःचं राज्य मिळत होतं, तर त्यात वाईट काय? वकिलीचा अभ्यास करतेस, म्हणून कायद्याच्याच वाटेनं सांगते.

जमीन आधीच गेली होती. १९१३ च्या कायद्यानं आफ्रिकी जनतेसाठी देशाची जेमतेम सात टक्के जमीन ठेवली, १९३६ मध्ये ती तेरा टक्क्यांच्या आसपास नेली. पुढे याच तुकड्यांना ‘होमलँड’ म्हणू लागले. मग १९७० चा कायदा आला. त्यानं प्रत्येक आफ्रिकी माणसाला भाषेवरून, वंशावरून कुठल्या ना कुठल्या होमलँडचं नागरिक ठरवलं. तोवर तो दक्षिण आफ्रिकेचाही नागरिक होता. खरा घाव पुढचा. होमलँड स्वतंत्र जाहीर झालं की त्याच्या नावावर लावलेल्या सगळ्यांचं दक्षिण आफ्रिकेचं नागरिकत्व आपोआप रद्द. सोवेटोत जन्मलेला, जोहान्सबर्गमध्ये राबणारा, ट्रान्स्कायचं तोंडही न पाहिलेला खोसा माणूस एका रात्रीत स्वतःच्या घरात परदेशी ठरला. त्याला कुणी विचारलं नाही, त्यानं कुठे सही केली नाही. चार होमलँडं मिळून सुमारे ऐंशी लाख माणसं अशी परकी केली गेली.

हेतू लपवलेलाही नव्हता. १९७८ मध्ये आफ्रिकी जनतेचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे मंत्री कॉनी मल्डर यांनी संसदेत सांगून टाकलं की हे धोरण शेवटाला नेलं, तर दक्षिण आफ्रिकेचं नागरिकत्व असलेला एकही काळा माणूस उरणार नाही. गोरे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून कमी होते. बहुसंख्यच परदेशी ठरले, की त्यांना मत देण्याचा प्रश्नच उरत नाही. खाणीत आणि कारखान्यात त्यांचे हात मात्र हवेच होते. म्हणून ‘पास’, म्हणजे सतत जवळ बाळगायचा परवाना. परवान्याशिवाय शहरात बहात्तर तासांपेक्षा जास्त राहिलं, तर अटक.

डेव्हिड गोल्डब्लॅट या छायाचित्रकाराचं क्वानडेबेलेच्या बसप्रवाशांवरचं काम मिळालं तर जरूर बघ. गोऱ्यांच्या शेतांवरून आणि इतर भागांतून हुसकलेल्या माणसांना या होमलँडमध्ये आणून टाकलं होतं. तिथे काम नव्हतं. पहाटे तीनच्या सुमारास बस पकडायची, प्रिटोरियात दिवसभर राबायचं आणि रात्री उशिरा परत यायचं. बसभाड्याचा मोठा हिस्सा सरकारच भरत असे. माणसं शहराजवळ राहू नयेत यासाठी वर्षानुवर्षं पैसे मोजणारं सरकार होतं ते! त्या छायाचित्रांत बाया-पुरुष कांबळी गुंडाळून, माना टाकून, एकमेकांच्या अंगावर कलंडून झोपलेले दिसतात. याच क्वानडेबेलेला १९८६ मध्ये स्वातंत्र्य द्यायचं ठरलं, तेव्हा लोक पेटून उठले आणि तो बेत सोडून द्यावा लागला. ज्याला स्वातंत्र्य म्हणत होते, त्याच्याविरुद्ध तिथली पोरं रस्त्यावर उतरली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नेल्सन मंडेलांचंही तेच. ते मूळचे ट्रान्स्कायचे. ट्रान्स्कायला मान्यता द्या, तिथे जाऊन राहा, शिक्षा कमी करू, असं तुरुंगात त्यांना सांगून पाहिलं गेलं. त्यांनी नकार दिला.

आपल्या लोकांचाही यात एक धागा आहे. तिथल्या भारतीयांनाही सरकार १९६१ पर्यंत उपरेच समजत होतं. पुढे १९८३ च्या राज्यघटनेनं गोरे, मिश्रवर्णीय आणि भारतीय अशी तीन सभागृहं केली. आफ्रिकी जनतेला एकही नाही, कारण म्हणे तिची होमलँडं आहेत! भारतीयांना ही खुर्ची आयती मिळत होती. १९८४ च्या निवडणुकीत त्यांच्यातले बहुसंख्य मतदार मतदानाला गेलेच नाहीत. मला त्यांचा अभिमान वाटतो.

आता तुझा शेवटचा प्रश्न, नागरिकत्व परत कधी मिळालं? १९८६ मध्ये एक कायदा झाला, पण तो मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत कायमचं वास्तव्य असलेल्यांपुरता. ज्यांना ट्रकमध्ये घालून होमलँडमध्ये सोडलं होतं, त्यांचं वास्तव्य कुठून दाखवायचं? ते परकेच राहिले. सर्वांचं नागरिकत्व १९९४ मध्ये परत आलं आणि त्याच वर्षी २७ एप्रिलला होमलँडं संपली. ज्यांचं सर्वांत जास्त हिरावलं गेलं होतं, त्यांनाच सर्वांत शेवटी मिळालं.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या