आठ जणांचा कट्टा

परवा सकाळी फोनवर निरोप आला, "काय गं, दोन दिवस गप्प आहेस. बरी आहेस ना?" बरी नव्हते, ताप होता. पण गंमत म्हणजे हे विचारणाऱ्या ताईंना मी अजून एकदाही भेटलेले नाही!

तर, सुरुवातीपासून सांगते. आमच्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप १७० जणांचा. (नातेवाइकांचाही एक आहे, पण त्याबद्दल इथे लिहिणार नाही, तुम्ही सगळे वाचता :-) ) आधी मजा यायची. मग फॉरवर्ड सुरू झाले आणि २०१९ च्या निवडणुकीत तर रोजच वादावादी. एकदा माझी आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची जुंपली. "तुला अक्कल कधी येणार?" असं मी चक्क सगळ्यांदेखत लिहिलं. समोर असती तर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. पण मी तिच्याशी बोलतच नव्हते, बघ्यांसाठी बोलत होते. दोघातिघांनी टाळ्या पाठवल्या, मला आणखी चेव चढला. त्या रात्री ती ग्रुप सोडून गेली. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेजारच्या काकांनी गच्चीतल्या झाडांसाठी आठ जणांचा ग्रुप केला. माझ्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला होता. मी फोटो टाकला. एकीने विचारलं, "मुंग्या आहेत का?" होत्या. मुंग्यांना त्या किडीचा गोड रस हवा असतो, म्हणून त्या तिची राखण करतात! मग आधी मुंग्यांचा बंदोबस्त, नंतर साबणाचं पाणी आणि निंबोळी तेल.

तिथे भांडणं होत नाहीत असं नाही. रासायनिक फवारणीवरून दोन दिवस खडाजंगी झाली. पण ज्याच्याशी भांडलो त्यालाच उद्या कढीपत्त्याचं विचारायचं असतं. त्यामुळे जीभ आपोआप आवरते.

रॉबिन डनबार नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडलं, की माणसाला साधारण १५० जणांशीच खरी ओळख टिकवता येते, आणि अगदी जवळचे तर पाचेकच. व्हॉट्सॲपने मात्र २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा १०२४ वर नेली. एवढ्यांत कोण गप्प झालं हे कुणाला कळणार?

तापात पडल्या पडल्या हेच डोक्यात होतं. माझी दोन दिवसांत चौकशी झाली. तिची मी इतक्या वर्षांत केली नाही. शेवटी तिचा नंबर शोधला आणि लिहिलं, "तेव्हा मी जे बोलले ते चुकलं. कशी आहेस?"

दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून नाही.

आलं तर इथे लिहीनच असं नाही हं. ते आम्हा दोघींचं.