जमीन कोणती?

गझलेची बहर, काफिया आणि रदीफ मिळून जी चौकट तयार होते, तिला उर्दूत 'जमीन' म्हणतात. धुळ्यात उर्दू माध्यमातून शिकलेली आणि आता जळगावच्या विद्यापीठात भौतिकशास्त्रात एमएस्सी करणारी माझी पुतणी मला 'सबस्ट्रेट'साठी शब्द विचारत होती, तेव्हा मी हाच शब्द दिला. तिला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा द्यायची आहे. भाईजान अजून तयार नाहीत. त्यांना आधी काम समजावून सांगायचं होतं.

भाईजाननी उभी हयात कल्हई केली. त्यांना गझलेची गरजच पडली नाही. तांब्याचं भांडं तापवायचं, नवसागर टाकून घासायचं, मग कथील फिरवायचं. भांडं नीट साफ नसेल तर कल्हई धरत नाही. हेच कथील उणे 269 अंशांच्याही थोडं खाली नेलं की अतिवाहक होतं. वीज त्यातून विनाअडथळा वाहते. पण थर फारच पातळ असेल तर खालचं तांबं ती अतिवाहकता मारून टाकतं, कारण इलेक्ट्रॉन दोन्हीकडे ये-जा करतात.

"म्हणजे भांडं कल्हईला बिघडवतं?" भाईजान म्हणाले. त्यांना ते पटलं नाही.

"नेहमी नाही, अब्बा," ती म्हणाली. लोह-सेलेनाइडचा गोळा सुमारे 8 केल्विनला अतिवाहक होतो. 2012 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी त्याचा एकच थर स्ट्रॉन्शियम टायटनेटवर चढवला, तर अतिवाहकतेच्या खुणा 50 केल्विनच्याही वर दिसल्या. खालचा स्फटिक वरच्या अणूंना ताणतो, त्यांना इलेक्ट्रॉन देतो. त्याची कंपनंही मदत करतात, असं बरेच जण मानतात. नेमका वाटा कुणाचा किती, यावर वाद चालूच आहे. 1998 मध्ये तर एका तांबेयुक्त ऑक्साइडच्या थराचं तापमान, तो आक्रसून बसेल असा स्फटिक खाली घेऊन, 25 वरून 49 केल्विनवर नेलं होतं.

भाईजान बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "मुंबईवाले कशावर चढवतात?"

"नायोबियम नायट्राइड चढवतात, मॅग्नेशियम ऑक्साइडवर."

"आणि घासतात कशानं?"

तिनं वही उघडली.